खैरूनचाचीचा रिवाज

बांगडी भरताना साबण लावणारा माणूस खैरूनचाचीच्या लेखी कारागीरच नव्हता. "साबन लावून तर म्हशीच्या शिंगात बी बांगडी जाईल," ती म्हणायची, "त्याला मनेर कशाला पायजे? धोबी बोलवा की." स्वतः ती मणेरीण, पिढीजात बांगड्या भरणारी; बाईचा हात नुसता आपल्या हातात घ्यायची. बोटांची मुळं दाबत, अंगठा तळव्यात दुमडत, तिच्या माहेरची चौकशी करत बांगडी कधी पुढं सरकवायची ते कळायचंच नाही. कळायचं ते एकाच जागी, अंगठ्याच्या हाडावरून बांगडी उतरताना. तिथं प्रत्येक बाई ओरडायची, "अगं आई गं! हळू की, चाची!" आणि चाचीचा चेहरा फुलायचा. या बाईला दुसऱ्याला दुखवण्यात मजा येते असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

मी नर्स. परभणीजवळच्या झरीपासून आत आठेक किलोमीटरवर एक गाव आहे, तिथल्या सरकारी उपकेंद्रात मी तेरा वर्षं काढली. दोन खोल्या, एक लोखंडी खाट, वजनकाटा, आणि दारात कडुनिंब. महिन्यातून एकदा आसपासच्या गरोदर बायकांची तपासणी असायची. रुजू झाल्यावर पहिल्याच तपासणीला बाहेर येऊन बघते तर निंबाखाली बाजार भरलेला. उंच, काटकुळी, पन्नाशीची एक बाई मांडी ठोकून बसलेली, पुढ्यात उघडी टोपली आणि माझ्या सगळ्या पेशंट तिच्याभोवती. मी नवी, त्यात सरकारी. आवाज चढवून म्हणाले, "ओ बाई, हा दवाखाना आहे. इथं धंदा लावायचा नाही."

तिनं मान वर केली नाही. हातातली बांगडी सरकवत म्हणाली, "सरकार बांगड्या भरत असंल तर मी उठते, शिष्टर."

बायका फिसकन हसल्या. मी आत जाऊन दार आपटलं. पुढच्या महिन्यात ती आली नाही आणि तपासणीला निम्म्याच बायका आल्या. तिसऱ्या महिन्यात मी नाक मुठीत धरून तिला निरोप पाठवला. ती आली. उपकाराचा शब्द काढला नाही की टोमणा मारला नाही. "पानी द्या" म्हणाली आणि तांब्याभर पाणी पिऊन टोपली उघडली.

तेव्हापासून आत मी आणि बाहेर ती, अशी आमची दुहेरी तपासणी सुरू झाली. मला एक खोड होती. बाईला तपासून झालं की मी मोठ्यानं "नॉर्मल" म्हणायची, तेच वहीत लिहायची आणि पुढचीला हाक मारायची. चाचीनं माझी नक्कल लगेच उचलली. टोपलीत एखादी बांगडी तडकलेली निघाली की ती उजेडात धरून थेट माझ्या आवाजात ओरडायची, "नॉर्मल! पुढची!"

ती मूळची चारठाण्याची. त्या गावच्या जुन्या देवळांचा तिला असा अभिमान, की ऐकणाऱ्याला वाटावं हिच्याच आजोबांनी ती बांधली. "आमच्या चारठान्याला दगडाच्या बायांच्या हातात बी चुडा हाय. इतकी वर्सं झाली, एक पिचली न्हाई. तसं काम पायजे." पण तिच्या स्वतःच्या हातात मात्र एकही काचेची बांगडी नसायची. नवरा कधीच वारलेला, मुलगा परभणीत रिक्षा चालवायचा. विधवा म्हणून घालत नसेल, असं मी धरून चालले होते. मी पुष्कळ गोष्टी धरून चालत असे.

बांगडी भरण्याआधी ती प्रत्येकीला विचारायची, "कोन्ती घालू?" आणि मग अर्धा तास गोंधळ. ही फिकी आहे, ती भडक आहे, परवा जावेनं घातल्या तशा दाखवा, या तशा नाहीतच. मी आतून वैतागायची. चाची म्हणायची, "भांडू द्या त्यायला. रंगावरून भांडनाऱ्या बाईचं घरी बरं चाललेलं असतंय." पण एखादी बाई खाली बघून म्हणायची, "कोन्त्याबी घाला." तेव्हा चाचीची बडबड थांबायची. ती तो हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायची आणि मग आत मला हाक मारायची, "शिष्टर, हिला नीट बगा." मी नीट बघायची. वजन, रक्तदाब, रक्त. नॉर्मल.

दिवाळी सरली की आमच्या भागातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. ट्रक लागला की चाची तिथं हजर. जाणाऱ्या बायकांच्या हातात बांगड्या भरायची आणि उन्हाळ्यात त्या परतल्या की पुन्हा हात बघायची. कामात बांगड्या फुटणारच, त्याचं तिला काही नव्हतं. "मोळीनं नायतर कोयत्यानं फुटली की एका अंगाला लागतंय," तिनं मला एकदा समजावलं. "मुठीत धरून पिळली की गोल लागतंय. ह्ये बगा, ह्ये गोल हाय." समोरची बाई सहा महिन्यांची गरोदर होती. तिच्या मनगटाभोवती बारीक पांढऱ्या रेघा होत्या, अगदी गोल. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या.

"तुमच्या वहीत मार लिवायला रकाना हाय का?" चाचीनं विचारलं.

"नाही."

"मग हिचं काय लिवलं?"

मी 'अशक्तपणा' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं.

चाचीचा राग मी पहिल्यांदा पाहिला तो ग्रामसभेत. पाण्याच्या टाकीवरून दोन पुढाऱ्यांची जुंपली होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "जमत नसंल तर हातात बांगड्या भर!" सभा खदखदून हसली. चाची टोपली घेऊन रस्त्यानं निघाली होती, ती जागच्या जागी थांबली आणि सरळ पुरुषांच्या घोळक्यात शिरली.

"कोन म्हनलं ते?"

"चाची, तुम्हाला नाही हो. म्हणायची पद्धत आहे."

"मग पद्धत बदला. बांगड्या भरल्याल्या हातानं तुझ्या मायनं तुला न्हाऊ घातलं. ह्याच हातानं बाया ऊस तोडायल्यात, कापूस वेचायल्यात, तुमच्या भाकरी थापायल्यात. ही काय शिवी हाय? आन् ह्याच्या हातात कामून भरू मी बांगडी?" तिनं त्या दुसऱ्या पुढाऱ्याचा हात धरून उलटसुलट करून सगळ्यांना दाखवला. "काय काम केलंय ह्या हातानं? ह्याची लायकी हाय का?"

टाकीचा विषय त्या दिवशी तिथंच राहिला. दोन्ही पुढारी निदान घरी जाण्यापुरते एक झाले.

आता अर्चनाचं सांगते. ते सांगताना मला स्वतःची लाज वाटते, पण ते सोडून चाची सांगताच येणार नाही.

अर्चना पोखर्णीकडची. आमच्या गावात ती बापूरावांच्या घरी सून म्हणून आली. बापूराव म्हणजे वजनदार घर. उपकेंद्रातला पंखा त्यांनी दिलेला. त्यांची बायको गयाबाई मला संक्रांतीला मानानं बोलवायची, वाण द्यायची. मुलगा संतोष मोटारसायकलवरून जाताना "नमस्कार सिस्टर" म्हणायचा. अशा घरात काही वावगं असेल हे मला दिसत नव्हतं, कारण मला ते बघायचं नव्हतं.

पाचव्या महिन्यात अर्चना सासूबरोबर तपासणीला आली, ती मरणाच्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. गालावर निळसर डाग. "न्हानीत पाय घसरला," गयाबाई म्हणाली. मी लिहिलं, 'न्हाणीत पडली.' रक्तदाब घ्यायचा तर बाही वर करावी लागते. मी हात लावला तशी गयाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, वरूनच घ्या." मी वरूनच घेतला. डोक्यावर त्यांचा पंखा फिरत होता. मी म्हणाले, "नॉर्मल."

बाहेर चाचीनं मला गाठलं. "न्हानीत पडली म्हनं?"

"हो."

"न्हानीनं दोन्ही मनगटं धरली होती का?"

मी भडकले. "चाची, तुम्ही तुमचं काम करा. मला माझं करू द्या."

"मी माझंच करायले," ती म्हणाली.

सातव्या महिन्यात बापूरावांच्या घरी डोहाळजेवण झालं. अंगणात मांडव, पन्नाससाठ बायका, पुरणपोळीचा घमघमाट. अर्चनाचे आईवडील माहेरची हिरवी साडी घेऊन आले होते. मला पुढची खुर्ची. हिरवा चुडा भरायला चाचीला बोलावलं होतं. तिच्याशिवाय आमच्या गावात असं कार्य व्हायचंच नाही.

अर्चनाला पाटावर बसवलं. चाचीनं तिचा हात घेतला, टोपलीतल्या हिरव्या बांगड्यांच्या तीन माळा पुढ्यात मांडल्या आणि विचारलं, "कोन्ती घालू, माय? पोपटी, गर्द, का ह्या सोनेरी ठिपक्याच्या?"

"कोन्त्याबी," अर्चना म्हणाली.

चाचीनं मान हलवली आणि माळेतून एक बांगडी काढली. मी अगदी जवळ होते, मला दिसलं की तिनं मुद्दाम एक माप लहान काढली. ती बांगडी तिनं अर्चनाच्या अंगठ्याच्या हाडावर आणली आणि दाबली. दुसरी बाई किंचाळली असती. अर्चना समोरच्या मांडवाच्या खांबाकडं बघत होती. चाचीनं आणखी दाबली. हाताची कातडी पांढरी पडली. अर्चनानं हात मागं घेतला नाही, डोळ्याची पापणीही हलवली नाही. तो हात तिचा नव्हताच जणू.

तेव्हा मला चाचीच्या त्या हसण्याचा अर्थ लागला. बाई "हळू की" म्हणून ओरडते तेव्हा तिचा चेहरा का फुलतो, आणि इतकी वर्षं ती निंबाखाली बसून काय तपासते, ते लख्ख कळलं. माझ्याकडं यंत्र होतं आणि मी ते बाहीवरून लावत होते.

चाचीनं ती बांगडी हळूच उलटी काढून घेतली. माळा गोळा केल्या, टोपलीवर फडकं टाकलं आणि गाठ मारली.

"काय झालं, चाची?" गयाबाई पुढं आली.

"ह्या हातात मी भरत न्हाई. हात दुखरा हाय. बरा झाला की बोलवा. दुखऱ्या हातात बांगडी भरायची न्हाई, आमचा रिवाज हाय."

गयाबाईचा चेहरा उतरला. "अवो, भरल्या घरात असा अपशकुन करतेत का? हात धडधाकट हाय की तिचा!"

"मग घरच्यांनी बगावा," चाची म्हणाली, आणि अर्चनाचा हात उचलून तिच्या आईच्या हातात ठेवला.

चाचीनं बाही वर केली नाही. मार, नवरा, सासू, यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. पन्नास बायकांपुढं तिनं त्या पोरीला उघडं पाडलं नाही. ती फक्त तो हात तिच्या आईकडं देऊन उठली. आई लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ झाला. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढायला सांगा. पोरीला आजच नेऊ." अर्चनाचे वडील "चार लोक काय म्हनतील" म्हणून घुटमळले. ती म्हणाली, "चार न्हाई, पन्नास हायत. म्हनू द्या."

मी चाचीच्या मागं धावले. नदीकडच्या उतारावर तिला गाठलं. "असा रिवाज आहे तुमच्यात? मी कधी ऐकला नाही."

"न्हवता."

"मग?"

"आजपसून हाय."

नंतर तसंच झालं. ही बातमी झरीच्या बाजारात गेली, तिथून इतर कासारांकडं, मणेरांकडं. वर्षभरात आजूबाजूच्या गावांत जुनी चाल असल्यासारखं लोक सांगायला लागले, की दुखऱ्या हातात चुडा भरत नाहीत. सासवा सुनांचे हात सांभाळायला लागल्या असं मी म्हणणार नाही, इतकी मी भोळी नाही. पण डोहाळजेवणाच्या दिवशी हात बघितला जाणार, आणि तो कासारीण बघणार, ही धास्ती काही घरांत बसली.

बापूरावांनी फर्मान काढलं, की गावात चाचीला कुणी दारात उभं करायचं नाही. पुढच्या तपासणीला चाची निंबाखाली येऊन बसली. कुणी जाब विचारला तर म्हणायची, "ही जागा सरकारची हाय. शिष्टरला इचारा." शिष्टरनं त्या दिवसांत दोन गोष्टी केल्या. पट्टी घेऊन वहीत एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'मार'. आणि पंखा उतरवून बापूरावांच्या घरी पाठवून दिला. वैशाख होता. मला घामोळं आलं, पण फार बरं वाटलं.

मला वाटलं, संपलं. पोरगी सुटली. माहेरी गेली, परभणीला बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. माझ्या लेखी ही केस मिटली होती.

बाळाच्या तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चाची उपकेंद्रात आली. बाळाला काळ्या मण्यांच्या मनगट्या घालायला ती पोखर्णीकडं जाऊन आली होती. टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "शिष्टर, चला. मार थांबलाय, पन हात अजून तसाच हाय."

एसटीत ती खिडकीशी बसली, टोपली मांडीवर. मी वाचलेलं काहीबाही तिला सांगत होते, की बाळंतपणानंतर कधी कधी मन खचतं, बाईला उदास वाटतं, होतं असं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "होतं असं न्हाई, शिष्टर. लेकरू पोटात असताना मार खाल्ला की होतं. समद्यायलाच होतं असं न्हाई, पन लय जनीला होतं. अंग लपायला शिकतंय. मार थांबला तरी अंगाला कळतच न्हाई." ती बाहेरच्या तुरीकडं बघायला लागली. "मी बी एकदा कोन्त्याबी म्हनले होते. पोरगा झाला तवा. माझी सासूच मनेरीन, तिनंच भरल्या. दाबून दाबून भरल्या, मला काई कळलं न्हाई. पोराची पहिली दोन वर्सं मला आठवतच न्हाईत. तिनंच वाढवलं त्याला."

मी तिच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं. आतल्या बाजूला, कातडीच्या सुरकुत्यांत, त्या रेघा होत्या. गोल.

अर्चना ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. बाळ आजीकडं. बाळाचं वजन चांगलं होतं, अर्चनाचे टाके भरले होते, दूध होतं. पूर्वीची मी असते तर वहीत काय लिहिलं असतं ते सांगायला नको. आईचं लिंबू उतरवून झालं होतं, एका देवऋषीचा अंगारा लावून झाला होता. परसातल्या विहिरीवर मात्र तिनं फळ्या टाकून वर दगड ठेवले होते. त्या आईला सगळं कळत होतं.

मी अर्चनाशेजारी बसले आणि इतक्या वर्षांत कुणाला न विचारलेलं विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

ती मांडीवरच्या मोकळ्या हातांकडं बघत म्हणाली, "काईच वाटत न्हाई. तिला बगून बी न्हाई. ती पोटात असताना तो लाथ घालायचा, तवा मी पोटावर हात धरायचे. तेवढंच एक काम होतं मला. आता ती बाहेर हाय. आता हात कुटं धरू?"

मी नर्स आहे, रडणं बरं दिसत नाही. मी रडले.

परभणीच्या मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हटल्यावर अर्चनाचे वडील बिथरले. "येडी ठरवता का माझ्या पोरीला? उद्या नांदवनार कोन?" माझं सगळं शास्त्र त्यांच्यापुढं पालथ्या घड्यावर पाणी. चाची म्हणाली, "दादा, बाळंतपनात रक्त गेलं तर शिष्टर गोळ्या देती. तवा तुमी लाजता का? हिचं मन गेलंय. ते बी बाळंतपनातच गेलंय. आन् ते आपोआप न्हाई गेलं, मारून काढलंय. मारनाऱ्याला लाज न्हाई आन् तुमाला कामून?" दुसऱ्या दिवशी तेच गाडी घेऊन आले.

गोळ्या सुरू झाल्या. महिनाभर काहीच फरक नाही, मग थोडी झोप, मग थोडी भूक. चाची दर आठवड्याला जायची. वाट वाकडी करून, दोन एसट्या बदलून. बसायची, अर्चनाचा हात हातात घ्यायची, टोपली उघडायची. "कोन्ती घालू?"

"कोन्त्याबी."

"मग आज न्हाई भरत," म्हणून टोपली बांधायची आणि बाळाच्या गालाला हात लावून निघायची. एकदा मी म्हटलं, "चाची, भरून टाका एकदाच्या, तिचं मन रमेल." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पुन्हा कधी सुचवलं नाही.

बाळ रांगायला लागलं तेव्हा सासरची बैठक आली. बापूराव, संतोष, दोन वजनदार पाहुणे. चहा झाला. संतोष मान खाली घालून बसला होता, ती मान घालायला त्याला चांगलं शिकवलेलं दिसत होतं. "झालं गेलं गंगेला मिळालं," एक पाहुणा म्हणाला, "लेकीला बांगड्या भरा आन् लावून द्या." अर्चनाचे वडील हो-ना करत होते. पोरीला माहेरी किती दिवस ठेवायचं, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस पोखरत होता, आणि मी त्यांना दोष देत नाही. भरल्या हातानं लेक पाठवायची, ती रीत. भरल्या बांगड्या म्हणजे जायला होकार. त्यांनी चाचीला बोलावणं धाडलं आणि अर्चनाच्या आईनं मला.

पाहुण्यांतला एकजण चाचीला बघून गमतीनं म्हणाला, "पोरानं चूक केली म्हन्तेत, तर आधी त्याच्याच हातात भरा, चाची!"

"माझा माल वाया घालवायचा न्हाई," चाची म्हणाली आणि अर्चनापुढं बसली.

अर्चना पोरीला कडेवर घेऊन आली होती. ती खाली बसली, पोरीला उजव्या हातावरून डाव्या हातावर घेतलं आणि उजवा पुढं केला. चाचीनं टोपली उघडली. हिनं आज पुन्हा 'कोन्त्याबी' म्हटलं तर चाची टोपली बांधेल हे नक्की होतं, पण हे लोक तिला मोकळ्या हातानंही नेतील, हेही नक्की होतं.

"कोन्ती घालू, माय?"

अर्चना माळांकडं बघत राहिली. बापूरावांनी घड्याळ बघितलं. "हिरव्याच भरा, चाची. ऊन व्हायलंय, निघायचंय."

"हिरव्या नगं," अर्चना म्हणाली. "हिरव्या लय झाल्या. त्या जांभळ्या दाखवा. ह्या न्हाई, त्या खालच्या. बारीक नकशीच्या."

चाचीनं माळ काढली. पहिली बांगडी तिनं अंगठ्याच्या हाडाशी आणली.

"अन् मामा," अर्चना सासऱ्याला म्हणाली, आवाज मोठा नव्हता पण सगळ्यांना ऐकू गेला, "बांगड्या मी माझ्यासाटी भरायले. मी यायची न्हाई. पोरगी बी यायची न्हाई."

संतोषनं मान वर केली. पाहुणे एकदम बोलायला लागले. अर्चनाचे वडील "अगं, थांब" म्हणत अर्धवट उठले, मग लेकीच्या तोंडाकडं बघून हळूहळू खाली बसले आणि म्हणाले, "ती म्हनती ते बरोबर हाय." कुणीतरी चाचीवर खेकसलं, "थांबवा ते!" चाचीनं थांबवलं नाही. तिनं बांगडी हाडावरून खाली दाबली.

"आई गं!" अर्चना ओरडली. हात झटकन मागं खेचला. "चाची, हळू की! दुखतंय!"

पोरगी दचकून रडायला लागली. अर्चनानं तिला छातीशी घेतलं, पाठ थोपटली, "न्हाई न्हाई, माझी बाय, काई न्हाई झालं" म्हणाली आणि चाचीकडं रागानं बघितलं. चाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की सगळ्या बैठकीनं बोलायचं थांबवलं. ती वळून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघत म्हणाली, "लिवा, शिष्टर. नॉर्मल."

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली. चाचीही आता नाही. गेली तेव्हा मला उशिरा कळलं, मातीला जाता आलं नाही. मी तिला शेवटची बघितली ती एसटीतून, झरीच्या बाजाराच्या दिवशी. गर्दीमुळं गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेला चाची टोपली पसरून बसलेली, पुढ्यात पोटुशी, नवखी एक पोर. खिडकीची काच अडकलेली, ती काही केल्या उघडेना, म्हणून मी हाक मारू शकले नाही. चाचीनं त्या पोरीचा हात धरला, अंगठा तळव्यात दुमडला, काहीतरी विचारलं आणि बांगडी दाबली. काचेतून आवाज आला नाही. पण त्या पोरीनं तोंड वासलं, हात झटकला आणि चाचीच्या खांद्यावर एक चापट मारली. चाची हसत होती. गाडी सुटली.